घंटा अजून वाजत होती

पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला शेपटाच्या हातात पोचला आणि नेमकी तेव्हाच शेजारी बसलेल्या इंजिनला शिंक आली. साधीसुधी नाही, पूर्ण ताकदीची. गोल करून बसलेली सगळी मुलं दचकली, शेपटाचे हात उडाले आणि पाणी माझ्या मांडीवर. प्रिय खारूताई, विहारातला तुझा रविवारचा वर्ग हा असा चालला आहे. पेला हातोहात फिरवायचा, बोलायचं नाही, थेंब सांडायचा नाही, लक्ष फक्त आपल्या हातातल्या पाण्यावर. नियम तुझेच, मी एकही बदललेला नाही. वर्गातल्या वकीलीणबाई ताबडतोब उभ्या राहिल्या. शिंक म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून इंजिननं नियम मोडलेला नाही. पाणी जमिनीवर पडलेलं नाही, मामांच्या पँटवर पडलं आहे, म्हणून शेपटानंही मोडलेला नाही. तेव्हा खेळ पुढं चालू करावा. शेपूट तिचा धाकटा भाऊ, सतत तिच्या मागं मागं असतो, त्यामुळे हे वकीलपत्र घरचंच होतं. मी पिशवीतली जुनी वर्तमानपत्रं काढून मांडी टिपली आणि पेला पुन्हा भरला. छापखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे दुसरं काही असो नसो, रद्दी असते.

हे आज सकाळचं. आता रविवारची संध्याकाळ आहे, जेवण व्हायचं आहे, आणि मी टेबल खिडकीकडे ओढून बसलो आहे. गुरुवारी फोनवर तू मला विचारलंस आणि मी हो म्हणालो. हे पत्र त्या होबद्दल आहे. एरवी तू कामावरून सुटलीस की चार वाक्यं बोलून ठेवून देतेस. गुरुवारी पाऊण तास बोलत होतीस. म्हणजे गोष्ट मोठी आहे, आणि माझ्या होवर तू काहीतरी करणार आहेस. ते करण्याआधी हे वाचून व्हायला हवं. पण तिथं पोचायला मला वर्गातूनच जावं लागतं आहे, दुसरी वाट सापडली नाही. तेव्हा दमानं वाच. लहानपणी तू गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस, म्हणून मुद्दाम सांगतो.

तुझी बदली झाली तेव्हा तू म्हणाली होतीस, मामा, दुसरं कुणी मिळेपर्यंत फक्त. दुसरं कुणी मिळालं नाही आणि मीही शोधायचं सोडून दिलं. पहिले काही रविवार माझे हाल झाले. तू सांगून गेली होतीस की मुलांना आनापान शिकव, श्वास आत येतो-बाहेर जातो तेवढं बघायला सांग. मी सांगितलं. मुलं श्वास बघायला म्हणून एकमेकांच्या नाकात बघायला लागली. मग मी रद्दीच्या होड्या केल्या. सतरंजीवर उताणं झोपायचं, पोटावर होडी ठेवायची आणि ती वर जाते, खाली येते, तेवढं बघायचं. होडी बुडवायची नाही, पळवायची नाही. हे जमलं. इंजिनची होडी कायम वादळात असते. नाव त्याच्या दोस्तांनीच ठेवलं आहे, त्याचं नाक वाजतं म्हणून. शेपूट दोन मिनिटांत झोपतो आणि त्याची होडी मग सगळ्यांत छान चालते. मी भंतेंना विचारलं, याला उठवू का. भंते वाकून बघून म्हणाले, होडी चालू आहे ना, राहू द्या.

मनुक्याचा खेळही झाला. एक मनुका हातात घ्यायचा, उलटसुलट बघायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि मी सांगेपर्यंत चावायचा नाही. इंजिननं पहिला मनुका सरळ गिळला आणि मला नीट अभ्यास करता आला नाही म्हणून दुसरा मागितला. दुसराही गिळला. तिसरा मी दिला नाही. माती कालवलेल्या पाण्याच्या बरणीवर मात्र मी अडकलो. बरणी हलवायची आणि पाणी निवळेपर्यंत गप्प बसून बघायचं, मनाचंही असंच होतं म्हणून सांगायचं, हे सोपं वाटलं होतं. वकीलिणीनं हात वर केला. पाणी म्हणजे मन, तर माती म्हणजे काय? आणि ती गाळून फेकून का देत नाही? मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो. आठवडाभर मला काही सुचलं नाही. पुढच्या रविवारी तीच येऊन म्हणाली, मामा, राहू द्या, माती काढली तर बसून बघायचं काय. मी जिना उतरताना मान्य केलं की वर्ग कोण घेतं आहे हे नक्की सांगता येत नाही.

घरचंही लिहितो. तुझी आई खुशीत आहे. तुझ्या लग्नाला पाहुणे कुठं उतरवायचे यावरून तिचं आणि तुझ्या बाबांचं रोज वाजतं. बाबा म्हणतात लॉज, आई म्हणते लॉजमध्ये माझ्या माहेरची माणसं राहणार नाहीत. माहेरची माणसं म्हणजे मी, आणि मी तर दोन गल्ल्या सोडून राहतो. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, तू मध्ये बोलू नकोस. विहाराच्या खाली बेकरी आहे तशीच आहे. वासाचा खेळ मी बेकरीवालीच्या भरवशावर घेतो. मुलं डोळे मिटून ओळखतात की भट्टीतून आता काय निघालं. तिला हे कळल्यापासून ती वर ओरडून उत्तर सांगते. मुलं हसतात, मीही हसतो. तिचं ओरडणं मला कधी ऐकू आलं नव्हतं हे आज माझ्या ध्यानात आलं. मी मुलांचं बघून हसत होतो.

आता घंटेचा खेळ. उशीवर ठेवलेली ती वाटीसारखी घंटा, तुझ्याच काळातली. लाकडी दांड्यानं एकदा वाजवायची. मुलांनी डोळे मिटून नाद ऐकत राहायचा आणि तो पार संपला असं वाटलं की हात वर करायचा. माझ्या हिशेबानं नाद लवकर संपायचा. मुलांचे हात खालीच. खोली शांत, सगळ्यांच्या माना किंचित कलत्या, चेहऱ्यावर असा भाव की लांबून कुणी त्यांना काही सांगतं आहे. खूप वेळानं एक हात वर जायचा, मग दुसरा. पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. मुलं किती स्थिर बसायला लागली, तुला कळवायला हवं असं मनात आलं. मग शंका आली. शेवटी हात वर करील तो जिंकला असं त्यांनी आपसांत ठरवलं असणार. मी प्रत्येक वेळी बारकाईनं बघू लागलो. वाजत नसलेली घंटा ही मुलं ऐकत होती, आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं की मला राग यायला लागला.

गेल्या रविवारी तो राग बाहेर पडला. मी पंचशीलावर बोललो. खोटं बोलणार नाही असं दर रविवारी म्हणायचं आणि मग नसलेला आवाज ऐकू येतो म्हणून बसायचं, तेही बुद्धमूर्तीच्या समोर, याला काय म्हणायचं? वकीलीण म्हणाली, पण मामा, खरंच येतं ऐकू. मी म्हणालो, वाद घालू नकोस. ती खाली बसली. पाण्याच्या शिंतोड्यावरून वाद घालणारी पोरगी एका वाक्यात खाली बसली, आणि मला वाटलं, चला, पटलं वाटतं. मग मी घंटा पुन्हा वाजवली. दांडा घंटेला लागतो न लागतो तोच शेपटानं हात वर केला. उगीच बोलणी बसायला नकोत म्हणून.

आज पेल्याचा खेळ झाल्यावर मैत्रीचा झाला. आधी आवडत्या माणसाचं भलं चिंतायचं, मग ज्याला आपण ओळखत नाही त्याचं, मग ज्याच्याशी भांडण झालं आहे त्याचं. तिसऱ्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायची सक्ती नाही. इंजिननं गणिताच्या सरांचं घेतलं, ते नेहमीचंच. वकीलिणीनं डोळे मिटले आणि स्वच्छ म्हणाली, मामा सुखी होवोत, मामांचं सगळं बरं होवो. तिच्या ओठांवर मला ते अक्षर अन् अक्षर दिसलं. बाकीच्यांनी मान हलवली. म्हणजे भांडण तिचं एकटीचं नव्हतं.

मी घंटा पुढं ओढली. लबाडी पकडायचीच असं ठरवून आलो होतो आणि आता तर ती पकडणं भागच होतं, नाहीतर मी कुणाशी आणि कशावरून भांडलो? घंटा वाजवली. मुलांचे डोळे मिटले. माझ्या हिशेबानं नाद संपला. मी आणखी थोडा थांबलो आणि बोट हळूच घंटेच्या काठाला लावलं. घंटा पूर्ण थांबली आहे याची खात्री असावी, मग बघू कोण किती वेळ हात खाली ठेवतं. बोटाला थरथर लागली. बारीक, मुंगी चालावी तशी. बोटाखालीच ती विझली, आणि त्याच क्षणी सगळ्यांचे हात वर गेले. एकदम, डोळे मिटलेले असताना. वकीलिणीनं डोळे उघडले आणि म्हणाली, मामा, आज मध्येच कशी बंद पडली?

मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तसंच झालं.

मग मी त्यांना सांगितलं. गेल्या रविवारी मी तुम्हाला खोटं ठरवलं. तुम्ही खरं बोलत होता. घंटा वाजत असते, मला ऐकू येत नाही. चुकलं माझं. मोठ्या माणसानं असं म्हटल्यावर काय करायचं हे मुलांना कुणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे त्यांनी आपल्या कामाचे प्रश्न विचारले. शेपटानं विचारलं, मग मी हात कधी वर करू? मी म्हणालो, घंटा संपली की. त्याला एवढंच हवं होतं. इंजिननं विचारलं, माझं नाक वाजतं ते तुम्हाला ऐकू येत नाही? मी म्हणालो, नाही. तो इतका खूश झाला की सरकून माझ्या शेजारी येऊन बसला. वकीलिणीनं विचारलं, मग मी बोलते ते कसं कळतं? मी म्हणालो, ते तुझ्या ओठांवर दिसतं. तिनं विचार केला, उठली, माझ्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलली. वर्ग हसून लोळला. कोपऱ्यात चपलेचा बंद शिवत बसलेले भंतेसुद्धा हसले. मी एकेकाला विचारलं, काय म्हणाली? कुणी सांगायला तयार नाही. भंते म्हणाले, मी ऐकलंच नाही, आणि सुई दातात धरून खाली बघायला लागले. जाताना मात्र त्यांनी मला थांबवलं, समोर उभे राहून सावकाश म्हणाले, उद्या कानांच्या डॉक्टरकडे जा, टाळू नका.

ओठ वाचायला मी कधी शिकलो असं मला वाटलंच नव्हतं. छपाईची रोटरी सुरू झाली की छापखान्यात माणसाचा आवाज संपायचा. कागद घाल, शाई बघ, चहा आला, साहेब आला, सगळं ओठांनी आणि हातांनी. मशीनच्या या टोकावरून त्या टोकाला आम्ही साहेबाची नक्कल करायचो आणि साहेब मध्ये उभा असायचा. मला वाटायचं, सगळे लोक असंच बोलतात, थोडं कानानं, थोडं डोळ्यानं. समोर बसलेल्या माणसाशी माझं कधी अडलं नाही, म्हणून काही गेलं आहे हे मला कळलं नाही. ज्याच्याशी अडायचं तो पाठमोरा असायचा, किंवा अंधारात, किंवा फोनवर. पाठमोऱ्याला मी पुटपुट्या म्हणायचो. अंधारात मी बोलायचंच टाळायचो. फोनच्या लाइनला मी नावं ठेवायचो. कुणाला मेसेज करायचा तर माझा अंगठा एका ओळीला चहा गार होईपर्यंत वेळ लावतो, आणि ही एका ओळीची गोष्ट नव्हे.

तर आता गुरुवार. तू फोन केलास, तुझा आवाज आला एवढं कळलं. मधूनच एखादा शब्द, बाकी नुसती गुणगुण. लाइन खराब आहे असं मी दोनदा म्हणालो, तू बहुतेक मोठ्यानं बोललीस, त्यानं गुणगुण मोठी झाली. मग मी नेहमीचं केलं. तू थांबलीस की हो म्हणायचं, नाहीतर बरोबर आहे, नाहीतर छान. शेवटी तुझा आवाज वर चढून थांबला, म्हणजे प्रश्न असणार. मी म्हणालो, हो, अगदी. मग तू हसलीस किंवा रडलीस, मला ते वेगळं करता आलं नाही. मी म्हणालो, छान, आणि तू फोन ठेवलास. दोन दिवस मला वाटत राहिलं की चांगली बातमी असावी. आज घरी येताना वाटेत तुझ्या आईकडे डोकावलो आणि आडून विचारलं, पोरीचं काय म्हणणं? ती म्हणाली, तिला काय धाड भरली आहे, मजेत आहे. म्हणजे जे आहे ते तू तिला सांगितलेलं नाहीस. फक्त मला सांगितलंस, आणि मी ते ऐकलं नाही. म्हणून हे पत्र. माझा तो हो धरू नकोस. त्याच्या भरवशावर जे काही करायचं ठरवलं असशील ते थांबव. काय विचारलंस ते मला लिहून कळव, म्हणजे खरं काय वाटतं ते सांगता येईल, मग ते तुला आवडो न आवडो.

तुझाच,
न ऐकता हो म्हणून बसलेला,
मामा

सोमवार. सकाळी पत्र टाकायला निघालो. पेटीपाशी उभं राहिल्यावर सुचलं की पत्र पोचायला दिवस जातील आणि तू काय, कधी करणार हे मला ठाऊक नाही. तसाच स्टँडवर गेलो आणि पहिल्या गाडीत बसलो. डॉक्टरकडे उद्या जाईन. तू रात्रपाळी करून नुकतीच आली होतीस, अंगावर अजून नर्सचाच युनिफॉर्म होता. दार उघडून म्हणालीस, मामा, तू, आणि फोन का नाही केलास? मी तुला खिडकीशी उजेडात बसवलं आणि गुरुवारचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तू आधी पुरेशी हसलीस, मग सांगितलंस. लग्न मोडायचं आहे. मुलगा वाईट नाही, पण इतक्या दिवसांनीही त्याच्या घरी तुला पाहुणी असल्यासारखं वाटतं, आणि त्याला तसंच आवडतं. आज त्याला कळवणार होतीस, कारण मामा हो म्हणाला होता. मी लगेच हो म्हणालो नाही. बरेच प्रश्न विचारले, त्यातले काही आगाऊ होते, तू सगळ्यांची उत्तरं दिलीस, एकदा रागावलीसही. मग म्हणालो, हो. आईला आपण दोघांनी मिळून सांगायचं आणि बाबांना आईनं, असंही ठरलं. आता तू आत त्याच्याशी फोनवर बोलते आहेस आणि मी बाहेर गॅलरीत बसून हे लिहितो आहे. आत बसलो असतो तरी मला एक अक्षर कळलं नसतं, पण तुला मोकळं बोलता आलं नसतं.